भाववाचक नाम म्हणजे भावनेचं नाव नव्हे: ॲबस्ट्रॅक्ट नाउन कसं समजावायचं?

वहीचं_पान (धागाकर्ती)

परवा लेक इंग्रजीचा गृहपाठ घेऊन बसली होती. ती सहावीत आहे. पानावर दोन रकाने आखलेले, डावीकडे काँक्रीट, उजवीकडे ॲबस्ट्रॅक्ट, आणि वर दिलेले बारा शब्द त्यांत वाटायचे. जॉय, फिअर, अँगर, काइंडनेस हे चार तिनं पटापट उजवीकडे लिहिले. पेन्सिल, ब्रिज, हॉर्स डावीकडे गेले. मग हात थांबला. उरले होते विंड, डिस्टन्स, आयडिया, म्यूझिक आणि घोस्ट.

विंड तिनं उजवीकडे लिहिलं. का विचारलं, तर म्हणाली, "वारा दिसत नाही ना! तूच सांगितलंस, जे दिसत नाही ते ॲबस्ट्रॅक्ट." डिस्टन्स मात्र डावीकडे. "ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे भाववाचक. अंतर ही काय भावना आहे का?" आयडिया तिनं एवढ्या वेळा खोडून इकडचं तिकडे केलं की तिथला कागद खरबरीत झाला.

दोन्ही उत्तरं चुकली, पण तिचा विचार चुकला नव्हता. तिला दिलेले नियमच कच्चे होते आणि ते मीच दिले होते. मलाही लहानपणी तेच मिळाले होते. "ज्याला हात लावता येत नाही ते" हा एक, आणि "मनातल्या भावनांची नावं" हा दुसरा. रात्री बराच वेळ यावर विचार केला. जे उमगलं ते इथे मांडते, चुकत असेल तर सांगा.

घोडा समोर उभा आहे. तो उंच आहे, काळा आहे, वेगानं पळतो, दमतो. आता मनातल्या मनात घोडा बाजूला करायचा आणि त्याचा नुसता वेग उचलायचा. नुसती उंची उचलायची. नुसता काळेपणा, नुसता थकवा. हे घोड्याशिवाय सुटे कधी सापडत नाहीत, पण त्यांच्याबद्दल बोलता येतं. "वेग वाढला", "उंची मोजली", "थकवा गेला". वस्तूपासून असं सोडवून घेतलेलं जे काही असतं त्याचं नाव म्हणजे भाववाचक नाम. त्यात भावना येतात, कारण आनंद हाही कुणाचा तरी असतो. पण अंतरही येतं. दोन गावं असतात आणि त्यांचं एकमेकांपासून लांब असणं म्हणजे अंतर. त्यात भावनेचा संबंध नाही.

मराठी व्याकरणात यासाठी एक नेमकी जोडी आहे, जी मी शाळेत पाठ केली आणि विसरले: धर्मिवाचक आणि धर्मवाचक. ज्याच्या अंगी गुण आहे तो धर्मी, आणि गुण हा धर्म. घोडा, पूल, पेन्सिल ही धर्मिवाचक नामं. वेग, उंची, टोकदारपणा ही धर्मवाचक, म्हणजेच भाववाचक. माझ्या मते हे मुलांना आधी सांगायला हवं. वारा दिसत नसला तरी तो धर्मी आहे, कारण त्याला स्वतःचा वेग आहे, गारवा आहे.

तरी घोस्ट आणि म्यूझिकचं काय करायचं ते मला ठरवता आलं नाही. तुम्ही कसं समजावता?

मूळधातू

वा! फार दिवसांनी व्याकरणावर धागा आला. तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याला जुना आधारही आहे.

"भाववाचक" मधला भाव हा भावना या अर्थाचा नाही. संस्कृतात भू म्हणजे असणं, होणं, आणि त्यापासून भाव म्हणजे असणेपण. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायाच्या पहिल्या पादात ११९ वं सूत्र आहे, "तस्य भावस्त्वतलौ". "त्याचा भाव" या अर्थानं त्व आणि तल् हे प्रत्यय लागतात. तल् म्हणजे आपला "ता". मनुष्याचा भाव मनुष्यत्व, लघूचा भाव लघुता. आपण रोज महत्त्व, मित्रत्व, शांतता, नम्रता म्हणतो ते सगळं या एका सूत्राच्या पोटात आहे. "पण" आणि "पणा" हे प्रत्ययही वैदिक "त्वन" पासून प्राकृतातून आलेले, म्हणजे "त्व" चेच भाऊबंद.

आता इंग्रजी शब्द पाहा. ॲबस्ट्रॅक्टचं मूळ लॅटिन, "ओढून वेगळं काढलेलं" असा अर्थ. ज्या धातूपासून ट्रॅक्टर आला त्याच "ओढणे" या धातूपासून हा आला. आणि काँक्रीट म्हणजे "एकत्र वाढून घट्ट झालेलं". तुम्ही घोड्याचा वेग "उचलला" असं लिहिलंत, ते ॲबस्ट्रॅक्ट या शब्दाचं जवळजवळ शब्दशः वर्णन झालं. काँक्रीट घोड्यात उंची, रंग, वेग सगळं एकत्र घट्ट झालेलं आहे. त्यातून एक धागा ओढून काढला की ॲबस्ट्रॅक्ट.

अवांतर: "तत्त्व" या शब्दात दोन त का, हे मुलांना सांगायला ही चांगली जागा आहे. तत् म्हणजे ते, अधिक त्व. "ते-पण" म्हणजे तत्त्व. तसंच महत् अधिक त्व, महत्त्व. गंमत अशी की इंग्रजी क्वालिटी हा शब्दही असाच घडलेला आहे. लॅटिनमध्ये "कसा" या अर्थाचा जो शब्द आहे, त्याला भाववाचक प्रत्यय लावून रोमन लेखक सिसेरोनं तो एका ग्रीक शब्दाला प्रतिशब्द म्हणून तयार केला. म्हणजे क्वालिटी हा "कसेपणा". क्वांटिटी हा "कितीपणा".

तिसरा_बाक

वाचनखूण साठवली. तत्त्वात दोन त का लागतात हे इतकी वर्षं नुसतं पाठ होतं.

पानगळ

धागा चांगला आहे, तरी मला एक मूलभूत शंका आहे. हा रकाने भरण्याचा उद्योग इंग्रजी शिकायला लागतो कशाला? ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ती मुलं बोलताना "हे ॲबस्ट्रॅक्ट आहे का" असा विचार करत नाहीत. वाक्यात खरी गरज कशाची असते? शब्द मोजता येतो की नाही याची. अनेकवचन करायचं की नाही, आधी "अ" लावायचा की नाही, हे त्यावर ठरतं. फर्निचरवर ठेचकाळून पडता येतं इतकं ते काँक्रीट, तरी "फर्निचर्स" चालत नाही. उलट आयडिया, मिस्टेक, रीझन, चॉइस हे पक्के ॲबस्ट्रॅक्ट आणि तरी खुशाल मोजता येतात: थ्री आयडियाज, टू मिस्टेक्स. मग काँक्रीट आणि ॲबस्ट्रॅक्ट ही फोड वाक्य लिहिताना काय उपयोगाची?

"ॲबस्ट्रॅक्ट नाउनचं अनेकवचन होत नाही" असं कित्येक ठिकाणी शिकवतात. ते तर सरळच चूक आहे.

खडूफळा

पानगळ, शेवटचं वाक्य अगदी मान्य. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि हे वाक्य मुलांच्या डोक्यातून काढण्यात फार वेळ गेला. पण पहिल्या प्रश्नावर माझं थोडं वेगळं म्हणणं आहे.

नुसतं "ओळखा पाहू" या प्रश्नानं इंग्रजी येत नाही, हे खरं. शब्द एकटा उभा करून त्याची जात विचारणं मला कधीच पटलं नाही, कारण एकच शब्द दोन्हीकडे जातो. "यूथ इज अ टाइम ऑफ होप" मध्ये यूथ म्हणजे तारुण्य. "अ यूथ वॉझ स्टँडिंग ॲट द गेट" मध्ये यूथ म्हणजे एक तरुण मुलगा. ब्यूटी म्हणजे सौंदर्य, आणि "शी वॉझ अ ब्यूटी" मध्ये सुंदर बाई. बिल्डिंग म्हणजे बांधण्याचं काम आणि उभी इमारतही. किंगडममधला "डम" हा फ्रीडम आणि विज्डममधलाच, पण किंगडम आज राजेपणा न राहता नकाशावरचा प्रदेश झाला. नेबरहुड हा चाइल्डहुडचा भाऊ, पण त्याचा अर्थ शेजारपाजारचा परिसर. म्हणून नुसता प्रत्यय पाहून निर्णय देऊ नये. वाक्य पाहावं.

मग ही कल्पना लागते कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी मराठी मुलं अडतात.

पहिलं ठिकाण "द". मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे मुलं एक तर कुठेच लावत नाहीत, नाहीतर सुरक्षित वाटतं म्हणून सगळीकडे लावतात. "द ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी" असं मी शेकडो वह्यांत वाचलं. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहायची. "लाइफ इज शॉर्ट." आणि खाली "द लाइफ ऑफ अ सेलर इज हार्ड." वर आयुष्य असं एकूणच, कुणाचं ते सांगितलेलं नाही, म्हणून मोकळं. खाली खलाशाचं आयुष्य, म्हणजे गुण परत त्याच्या धर्मीला बांधला, म्हणून "द" आला. धागाकर्तीनं घोड्याचा वेग सोडवून घेतला ना, तो सुटा असेल तर "द" नाही. घोड्याला परत जोडला की "द स्पीड ऑफ द हॉर्स". एवढं कळलं की मुलं निम्म्याहून अधिक जागी बरोबर लिहितात.

दुसरं ठिकाण म्हणजे तोच शब्द कधी मोजता येतो आणि कधी नाही. "शी हॅज टेन इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स" म्हणजे अनुभव गाठीशी आहे. "शी टोल्ड अस अबाउट हर एक्स्पीरिअन्सेस" म्हणजे घडलेले प्रसंग सांगितले. मराठीतही आपण "तिला अनुभव आहे" आणि "तिनं अनुभव सांगितले" असंच म्हणतो, म्हणून हे मुलांना लगेच समजतं. गुण सुटा असताना मोजता येत नाही. तो एखाद्या प्रसंगात उतरला की मोजता येतो. काइंडनेस म्हणजे दयाळूपणा. "अ काइंडनेस" म्हणजे दयाळूपणाची एक कृती. सक्सेस म्हणजे यश. "द प्ले वॉझ अ सक्सेस" म्हणजे ते नाटक हे एक यश ठरलं.

काही शब्दांचं अनेकवचन अर्थच पालटून टाकतं. डॅमेज म्हणजे नुकसान, डॅमेजेस म्हणजे कोर्टानं द्यायला लावलेली नुकसानभरपाई. मॅनर म्हणजे पद्धत, मॅनर्स म्हणजे शिष्टाचार. गुड म्हणजे भलं, गुड्स म्हणजे माल. हे शब्द एकेक करून शिकावे लागतात, दुसरा मार्ग नाही.

पानगळ

"सुटा असताना मोजता येत नाही, प्रसंगात उतरला की येतो" हे मला पटलं. ओळखण्याच्या प्रश्नाबद्दल माझं मत तसंच आहे. पण कल्पनेचा उपयोग नाही हे म्हणणं मागे घेतो.

निळी_शाई

मी शाळा सोडून बरीच वर्षं झाली. नोकरीत आता रोज इंग्रजी ईमेल लिहावे लागतात आणि तिथेच अडतो. पहिल्याच महिन्यात एका ईमेलमध्ये मी "प्लीज गिव्ह युअर व्हॅल्युएबल ॲडव्हायसेस" असं लिहिलं होतं. उत्तरात वरिष्ठांनी तेवढा एकच शब्द लाल करून सगळ्यांना परत पाठवला, कारण न सांगता. फार वाईट वाटलं. कारण कळलं असतं तर चूक तिथेच सुटली असती. त्यानंतर मी असे शब्द टाळायलाच लागलो, आणि टाळत लिहिलं की ईमेल लांबतो.

माझे दोन प्रश्न. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, वर्क, नॉलेज यांचं अनेकवचन होत नाही हे लक्षात ठेवायची काही रीत आहे का? आणि ॲडव्हाइस लिहिताना शेवटी सी की एस, यात नेहमी गोंधळ होतो.

खडूफळा

निळी_शाई, वाईट वाटून घेऊ नका. तुमची चूक मराठीच्या दृष्टीनं तर्कशुद्ध होती. मराठीत सल्ला, सल्ले होतं. काम, कामं होतं. म्हणून ॲडव्हायसेस आणि वर्क्स लिहिलं जातं. पण "माहिती" चं अनेकवचन तुम्ही करता का? "मला दोन माहित्या द्या" असं कुणी म्हणत नाही. ज्ञानाचं, प्रगतीचंही नाही. म्हणजे ही सवय मराठीत आहेच, फक्त यादी वेगळी आहे. माझी रीत अशी: ॲडव्हाइस आठवताना मनात "सल्ला" आणू नका, "मार्गदर्शन" आणा. दोन मार्गदर्शनं होत नाहीत. वर्कसाठी "कामं" सोडून "श्रम" आठवा. मोजायचंच असेल तर "अ पीस ऑफ ॲडव्हाइस" म्हणा, किंवा शब्द बदला. सजेशन मोजता येतं, फॅक्ट मोजता येतं, टास्क मोजता येतं. तुमच्या त्या ईमेलमध्ये "सजेशन्स" बसलं असतं.

न्यूज या शब्दात उलटी अडचण. शेवटी एस दिसतो, म्हणून "न्यूज आर" लिहिलं जातं. ते एकवचनी आहे, "द न्यूज इज गुड".

आता सी आणि एस. इथे कानाची मदत घ्या, आणि आपल्या लिपीची. नाम आहे ॲडव्हाइस, शेवटी स, लिहिताना सी. क्रियापद आहे ॲडव्हाइज, शेवटी झ सारखा आवाज, लिहिताना एस. अशा आणखी जोड्या आहेत. यूस म्हणजे उपयोग आणि यूझ म्हणजे वापरणे, स्पेलिंग एकच, आवाज वेगळा. बिलीफ आणि बिलीव्ह, प्रूफ आणि प्रूव्ह, ग्रीफ आणि ग्रीव्ह. नामात शेवटचा आवाज कोरडा, क्रियापदात घुमणारा. गळ्यावर बोट ठेवून म्हणून पाहा, क्रियापद म्हणताना शेवटी बोटाला थरथर जाणवेल.

काही जोड्यांत आघात सरकतो. प्रोग्रेस नाम असताना जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. इन्क्रीजचंही तसंच.

निळी_शाई

गळ्यावर बोट ठेवून पाहिलं. खरंच कळतं! "मार्गदर्शन" हा शब्द आता ईमेल लिहिताना समोर ठेवीन. मनापासून आभार, मॅडम.

दुभाषी

मी भाषांतराचं काम करते. या विषयाची एक बाजू अजून आली नाही, ती मांडते, कारण माझा दिवस तिच्यातच जातो.

मराठी माणूस मनातल्या अवस्था भाववाचक नामानं सांगतो. मला राग आला. मला भीती वाटली. मला हसू आलं. नीट पाहिलं तर इथे "मी" कर्ता नाही. राग हा आला, भीती ही वाटली, हसू हे आलं. क्रियापद रागाच्या लिंगाप्रमाणे चालतं. आपल्याकडे राग स्वतःच्या पायांनी चालत येतो. इंग्रजी त्या जागी विशेषण वापरतं: आय वॉझ अँग्री, आय वॉझ अफ्रेड, किंवा क्रियापद, आय लाफ्ड. म्हणून नवशिका "आय ॲम अँगर" लिहितो. त्याला राग हे नाम माहीत आहे, त्याचा इंग्रजी शब्दही माहीत आहे, आणि तो तो प्रामाणिकपणे ठेवून देतो. सुंदर आणि सौंदर्य यांत तो मराठीत कधीही चुकत नाही. पण "शी इज व्हेरी ब्यूटी" लिहून जातो, कारण इंग्रजीत कोणता शब्द गुण "असलेला" आणि कोणता शब्द "गुण" हे त्याला कुणी जोडीनं शिकवलेलंच नसतं. अँग्री आणि अँगर, प्राउड आणि प्राइड, पुअर आणि पॉव्हर्टी, वाइज आणि विज्डम. हे नेहमी जोडीनंच शिकवावेत असं मला वाटतं.

आता उलट दिशेनं. लिखित इंग्रजी वाक्यातली क्रिया उचलून तिचं नाम करतं. "हिज रिफ्यूझल सरप्राइझ्ड एव्हरीवन." याचं "त्याच्या नकारानं सर्वांना आश्चर्यचकित केलं" असं मराठी रोज छापून येतं. व्याकरण बरोबर आहे, पण असं कुणी बोलत नाही. "तो नाही म्हणाला, याचं सगळ्यांना नवल वाटलं." इथे काय झालं पाहा. इंग्रजीतलं नाम मराठीत आख्खं वाक्य झालं, आणि इंग्रजीतलं क्रियापद मराठीत "नवल" हे नाम झालं. अगदी अदलाबदल. हे जमलं की भाषांतर मराठी वाटायला लागतं.

आणखी एक. परवा एक वाक्य आलं: "द डिले इन द कम्प्लिशन ऑफ द वर्क कॉझ्ड कन्सिडरेबल इनकन्व्हीनिअन्स." चार ॲबस्ट्रॅक्ट नामं, माणूस एकही नाही. पहिल्या खर्ड्यात "कामाच्या पूर्णत्वातील विलंबामुळे लक्षणीय गैरसोय निर्माण झाली" असं होतं. मी ते "काम वेळेत संपलं नाही, त्यामुळे लोकांची बरीच गैरसोय झाली" असं केलं. वाक्यात लोक परत आले. भाववाचक नामांनी वाक्य भरलं की कर्ता गायब होतो, हे मला या कामात वारंवार दिसतं. "निर्णय घेण्यात आला." कुणी घेतला? "निर्णय" या नामाला ते सांगावं लागत नाही. "ठरवलं" म्हटलं की लगेच "कुणी?" असा प्रश्न उभा राहतो.

म्हणून ही नामं वाईट, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याशिवाय पुढचा विचारच करता येत नाही. "रोप वाढलं" एवढ्यावर थांबता येत नसेल, ती वाढ मोजायची असेल, दोन रोपांच्या वाढीची तुलना करायची असेल, तर "वाढ" हे नाम लागतंच. घनता, दाब, वेग, तापमान ही नावं नसती तर विज्ञानाचं पुस्तक पहिल्या पानापुढे सरकलं नसतं.

खडूफळा

दुभाषी, "राग चालत येतो" हे फार नेमकं लिहिलंत. त्याला एक जोड देते, शब्दयोगी अव्ययांची. आपण "त्याच्यावर विश्वास" म्हणतो, म्हणून मुलं "फेथ ऑन हिम" लिहितात. इंग्रजीत "फेथ इन हिम". "तिच्यावर प्रेम" चं "लव्ह ऑन" होतं, हवं असतं "लव्ह फॉर". सोल्यूशनपुढे "टू", नीडपुढे "फॉर", डिफरन्सपुढे "बिट्वीन". आणि नामाआधीचं क्रियापदही आपापलं असतं. आपण लक्ष "देतो", इंग्रज ते "पे" करतो. चूक आपल्याकडे "होते" किंवा आपण ती "करतो", त्यासाठी "मेक". हे शब्द सुटे पाठ करू नयेत, मागचं आणि पुढचं शेपूट धरूनच वहीत लिहावेत.

तिसरा_बाक

एक विचारू का? हॅपीचं हॅपिनेस होतं, काइंडचं काइंडनेस होतं. मग लाँगचं लाँगनेस का नाही? आणि क्यूरिअसचं क्यूरिऑसिटी होताना उच्चार असा का बदलतो? कुठला प्रत्यय कुठे लावायचा याला काही नियम आहे का?

मूळधातू

पूर्ण नियम नाही, पण थर आहेत, आणि ते दिसले की बरंच सोपं जातं.

"नेस" हा इंग्रजीचा स्वतःचा जुना प्रत्यय. तो बहुतेक विशेषणांना लागतो आणि मूळ शब्दाला धक्का लावत नाही. आपल्या "पणा" सारखा. पणा कशालाही लागतो, अगदी "स्मार्टपणा" सुद्धा होतो. "इटी" लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच ही तिथल्या दरबाराची भाषा झाली, आणि पुढच्या काही शतकांत असे शब्द इंग्रजीत भरभरून आले. हा प्रत्यय बहुतेक लॅटिन कुळातल्या शब्दांनाच लागतो, आणि आघात स्वतःच्या लगेच आधीच्या अक्षरावर ओढून घेतो. ॲक्टिव्ह म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर असतो. ॲक्टिव्हिटी म्हणताना तो "टि" वर सरकतो. क्यूरिऑसिटीत तो "ऑ" वर जातो, म्हणून स्वरच बदललेला ऐकू येतो. आपल्याकडेही "ता" आणि "त्व" संस्कृत शब्दांशीच शोभतात. नम्रता होते, "मऊता" होत नाही, मऊपणा होतो. या दोन थरांमुळे इंग्रजीत जोड्या तयार झाल्या: फ्रीडम देशी, लिबर्टी लॅटिन कुळातला. ब्रदरहुड देशी, फ्रटर्निटी लॅटिन कुळातला.

आता लाँग आणि लेंग्थ. हा तिसरा, सगळ्यात जुना थर. लाँग, लेंग्थ. स्ट्राँग, स्ट्रेंग्थ. ब्रॉड, ब्रेड्थ. फाउल, फिल्थ. प्रत्यय नुसता "थ", पण आधीचा स्वरही बदललेला. कारण असं की या प्रत्ययात पूर्वी एक "इ" होता. त्यानं आधीच्या अक्षरातला स्वर आपल्याकडे ओढला आणि नंतर तो स्वतः गळून गेला. हेल्थ हा होल म्हणजे "अखंड" याच्या नात्यातला शब्द आहे. आरोग्य म्हणजे अखंडपणा!

हे वाचताना तुम्हाला सुंदर आणि सौंदर्य आठवलं असेल. धीर, धैर्य. शूर, शौर्य. उदार, औदार्य. मधुर, माधुर्य. इथेही भाववाचक नाम होताना पहिला स्वर बदलतो. कारणं वेगळी आहेत, संस्कृतात ती वृद्धी (प्रत्यय लागताना पहिला स्वर वाढणं) आहे, त्यामुळे दोन्ही एकच असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलाला धीरचं धैर्य होतं हे अंगवळणी पडलेलं आहे, त्याला स्ट्राँगचं स्ट्रेंग्थ होणं विचित्र वाटायचं कारण नाही. शिकवताना ही ओळख जरूर वापरा.

एकाच शब्दाला दोन प्रत्यय लागले की अर्थ फुटतात, तेही पाहण्यासारखं आहे. चाइल्डहुड म्हणजे बालपण, चाइल्डिशनेस म्हणजे पोरकटपणा. आपलं "लहानपण" आणि "लहानपणा" घ्या. एका काना-मात्रेच्या फरकानं वय जातं आणि कोतेपणा येतो.

वहीचं_पान (धागाकर्ती)

सगळ्यांचे किती आभार मानू! काल संध्याकाळी लेकीबरोबर पुन्हा ते पान उघडलं. या वेळी नियम सांगितला नाही, नुसते प्रश्न विचारले. "हे कुणाचं तरी असतं, की याचंच काही तरी असतं?"

विंड. "वाऱ्याचा वेग असतो." डावीकडे गेला. डिस्टन्स. "शाळेचं आणि घराचं असतं." उजवीकडे. आयडिया. थोडं थांबून म्हणाली, "मला सुचते, म्हणजे माझी असते." उजवीकडे, आणि या वेळी खोडरबर लागलं नाही.

घोस्टवर मी अडेन असं वाटलं होतं, ती अडली नाही. "भूत असतं की नसतं ते जाऊ दे. पण गोष्टीत त्याला पाय असतात, उलटे. म्हणजे ते धर्मी." मला हे उत्तर कुठल्याही व्याख्येपेक्षा पटलं. नाम कशाचं आहे हे पाहायचं. ते जगात सापडतं का, हा वेगळा प्रश्न.

मग तिनं विचारलं, "पेन्सिलीचा पेन्सिलपणा असतो का?" असतो म्हटलं. मूळधातूंनी लिहिलंय तसं, पणा कशालाही लागतो. "आणि इंग्रजीत पेन्सिलनेस?" तेही म्हणता येईल, फारसं कुणी म्हणत नाही इतकंच. पाच मिनिटं ती घरातल्या प्रत्येक वस्तूला पणा आणि नेस लावत फिरत होती.

राहिलं म्यूझिक. "कानाला ऐकू येतं, त्याचा आवाज मोठा असतो, लहान असतो. पण वाजवणारा थांबला की तेही थांबतं, म्हणजे ते वाजवणाऱ्याचं." मी काहीच सांगितलं नाही, कारण मलाही दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. खडूफळा मॅडम म्हणतात तसं वाक्य दिलं असतं तर ठरवता आलं असतं. शेवटी तिनं म्यूझिक दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर लिहिलं आणि दोन्हीकडे एकेक बाण काढला. वही आज शाळेत गेली आहे. बाईंनी तिथे काय खूण केली ते परत आल्यावर इथे लिहीन.